डबा हलवायचा नाही

नंदूभाऊ गेल्याचं मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ॲडम्सटाउनची सकाळची गाडी उशिरा होती, मी फलाटावर एका हातात कॉफी घेऊन कुडकुडत उभी होते, आणि ग्रुपवर संक्रांतीच्या कार्यक्रमाला कोण काय आणणार याची यादी चालली होती. गुळाच्या पोळ्या कोणाकडे, मसालेभात कोणाकडे, वाण कोण बघतंय... आणि त्या यादीच्या मधोमध कुणीतरी लिहिलं होतं, 'नंदकिशोर वानखेडे यांचं आज हृदयविकाराने निधन झालं.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. आणि रांगेच्या खाली, ज्यांना वरचं वाचायची सवड झाली नव्हती अशा कुणाचं तरी, 'मठ्ठा आमच्याकडे, वीस जणांचा.' मला आधी राग आला. मठ्ठ्याचा, ग्रुपचा, न येणाऱ्या गाडीचा. मग खुद्द नंदूभाऊंचाच आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. माणूस गेला की चार चांगले शब्द लिहायचे असतात हे मला कळतं, वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी विचारलंही तेवढ्यासाठीच. पण हा माणूस पाच महिने माझ्याशी धड न बोलता निघून गेला, आणि जाताना एका मुलीचं अर्धवट काम माझ्या गळ्यात टाकून गेला, तेही न सांगता. त्यामुळे जे लिहीन ते थोडं वाकडंच येईल.

नंदूभाऊ मूळचे नागपूरचे. डेटाबेसची कामं करायचे, आमच्या आधी कितीतरी वर्षं आयर्लंडला आलेले. ग्रँड कॅनाल डॉकला त्यांचं ऑफिस माझ्या ऑफिसच्या समोरच होतं आणि घर ॲडम्सटाउनला आमच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे आमची ओळख झाली ती गाडीत. आख्खा डबा कानात इअरफोन घालून गप्प बसलेला असायचा आणि हे मोठ्या आवाजात, "काय पुणेकर, आज चेहरा का असा करून राहिली? दुपारची झोप नाही मिळाली काय काल?" मी म्हणायची, "नंदूभाऊ, हळू. लोक बघतायत." "बघू दे ना. तिकीट काढून बसलो आहे." मला ते तेव्हा आवडायचे का, हे आता नक्की सांगता येणार नाही. त्यांच्याबरोबरचा अर्धा तास कसा जायचा ते कळायचं नाही, एवढं मात्र खरं.

सहाएक वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. हॉस्पिटलमध्ये त्यांना उठवून बसवणं, चालवणं, अंघोळ घालणं हे सगळं करायची लोर्ना नावाची एक फिलिपिनो बाई. ती तिथे बदलीवर येत असे, तिची पक्की नोकरी वृद्धाश्रमात होती. एक दिवस तिने भीतभीत पर्समधून एक पत्र काढलं आणि म्हणाली, सर, तुम्ही शिकलेले आहात, यात काय लिहिलंय ते मला नीट सांगाल का? मुलीच्या शाळेतून पत्र आलं होतं. मुलीचं नाव मारिसेल. तिला आतापासून सोप्या अभ्यासक्रमात घालत आहोत, ती तिथे आनंदात राहील, असं त्यात अगदी गोड शब्दांत लिहिलं होतं. त्या सोप्या रस्त्याने थेट विद्यापीठात जाता येत नाही, ही गोष्ट पत्रात कुठेच नव्हती. नंदूभाऊंनी विचारलं, मग तू काय सांगितलंस? लोर्ना म्हणाली, मी सही करून पाठवली. का? तर शाळेच्या मॅडम फोनवर एवढ्या प्रेमाने बोलल्या, नाही कसं म्हणायचं.

ही गोष्ट नंदूभाऊंनी मला पन्नासदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी त्याच ठिकाणी त्यांचा आवाज चढायचा. "नाही कसं म्हणायचं! अरे, पोरीचं आयुष्य आहे ना जी!" छातीवरचे टाके सुकले न सुकले तोच ते सूट घालून त्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांसमोर बसून राहिले. सही मागे घेतली गेली. मारिसेल पुन्हा नेहमीच्या वर्गात आली. आणि नंदूभाऊंच्या लक्षात आलं की अशी सही करणारी लोर्ना एकटी नाही. वृद्धाश्रमांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, नखं रंगवायच्या दुकानांत राबणाऱ्या फिलिपिनो, व्हिएतनामी, बर्मी आयांची मुलं वर्गात शहाण्यासारखी गप्प बसतात, कुणी काही सांगितलं की मान डोलावतात, आणि त्या मान डोलावण्याची किंमत त्यांना पुढे कळते.

मग लुकनला चर्चशेजारच्या हॉलमधली एक छोटी खोली त्यांनी मागून घेतली आणि दर शनिवारी सकाळी दहा ते एक टेबल मांडायला सुरुवात केली. टेबल म्हणजे खरोखर एक टेबल, सहा खुर्च्या, एक किटली आणि भिंतीतली एक प्रेस. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि नंदूभाऊही नागपुरी थाटात "ती प्रेसमधली फाइल दे" म्हणायचे. त्या प्रेसमध्ये मुलांच्या फायली आणि एक पत्र्याचा गोल डबा. कुठल्यातरी नाताळातला बिस्किटांचा रिकामा डबा, ज्यात आपल्याकडे सुईदोरा सापडतो तसला. लोर्नाच्या घरीही तसल्याच डब्यात सुईदोरा होता, यावर त्यांचं आणि मारिसेलचं एकदम जमलं म्हणे. नंदूभाऊंच्या डब्यात मात्र तिळाच्या वड्या असत. बाराही महिने. त्यांच्या बायकोच्या, सुषमावहिनींच्या वड्या तोंडात विरघळतात, पण या त्यांच्या नव्हेत. या नंदूभाऊ स्वतः करायचे आणि पाक हमखास बिघडवायचे. त्या वडीवर दात ठेवायला हिंमत लागायची.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी बघितलं, आठ-दहा मुलं बसलीयत, आणि हे प्रत्येकासमोर डबा धरतायत. मुलं घेतायत, "थँक यू पो, टीटो" म्हणतायत आणि गालात धरून बसतायत. टीटो म्हणजे काका, टीटा म्हणजे मावशी, काकू, आत्या, सगळंच. आणि वाक्याच्या शेवटी तो 'पो' लावला की बोलणं आदबीचं होतं, आपल्या 'जी'सारखं. मी म्हटलं, "नंदूभाऊ, का छळता पोरांना? पुढच्या शनिवारी मी चॉकलेट बिस्किटं आणते." तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणायची नाहीत. यांना ही वडी आवडत नाही, मला माहीत आहे. मलाच आवडत नाही. पण हे नाही म्हणत नाहीत ना! जोवर तोंडाने 'नाही, नको' म्हणत नाहीत तोवर दर शनिवारी मिळणार. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वडीला नाही म्हणता येत नसेल, तर शाळेच्या मॅडमला काय म्हणतील?" मग मुलांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, तुमचा 'पो' तसाच ठेवा, मला आवडतो. फक्त 'येस पो' ऐवजी कधीतरी 'नो पो' म्हणून बघा. मुलं खूप हसली आणि वडी चघळत राहिली. हळूहळू एकेकाने म्हटलंही. एका व्हिएतनामी मुलीने पहिल्यांदा "नो" म्हटलं तेव्हा नंदूभाऊंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मारिसेल तेवढी शेवटपर्यंत घेत राहिली. पाच वर्षं, दर शनिवारी, एक वडी.

संक्रांतीला आपण सगळे तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतो, आणि हा माणूस तिळगूळ देऊन नाही म्हणायला शिकवायचा. मंडळात यावरून त्यांची चिक्कार टिंगल व्हायची. टिंगलीपर्यंत ठीक होतं, पण प्रश्नही यायचे. आपल्या मुलांचं काही करायचं सोडून हे फिलिपिनो कशाला? नंदूभाऊ म्हणायचे, "आपली पोरं अडली कुठे? त्यांना क्लास आहेत, आईबाप इंजिनिअर आहेत, शाळेला चार पानी ईमेल लिहितात. यांना कोण आहे?" खरं होतं ते. पण हे ऐकून कुणी शनिवारी आलं असं झालं नाही. लोकांनी जुने लॅपटॉप दिले, त्यातले निम्मे सुरू होत नव्हते. मदतीला जाणारी मी एकटीच, आणि मीही महिन्यातून एकदा. त्यातही मला तिथे काय करायचं ते कधी नीट सांगितलंच नाही त्यांनी. सगळं आपल्या डोक्यात ठेवायचं, कुणावर सोपवायचं नाही, आणि वर "कोणी येत नाही" म्हणायचं, ही त्यांची खोड होती. आज ते असते तर तोंडावर सांगितलं असतं.

डब्याचा दुसरा उपयोग सांगितला नाही तर पुढचं कळणार नाही. इथे बारावीसारखी एक परीक्षा असते, लीव्हिंग सर्ट. ती उन्हाळ्यात, पण कॉलेजचा अर्ज त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी संपता संपता भरायचा. अर्जात दहा ओळी असतात, दहा अभ्यासक्रम, आपल्या पसंतीच्या क्रमाने. ऑगस्टमध्ये निकाल लागला की वरच्या ओळीपासून बघत खाली यायचं; ज्या ओळीला तुमचे गुण पुरले, ती जागा तुमची, आणि त्याखालचं मग कोणी बघत नाही. नंदूभाऊ मुलांसमोर अभ्यासक्रमांची छापील यादी ठेवायचे. त्या यादीत उजवीकडे गेल्या वर्षी कुठे किती गुणांना प्रवेश मिळाला ते आकडे असतात. त्या आकड्यांवर ते तो डबा ठेवून द्यायचे. "आधी काय पाहिजे ते लिही. आकडे नंतर. डबा हलवायचा नाही." मुलं पेन्सिलने दहा ओळी लिहायची आणि त्यानंतरच डबा उचलला जायचा.

मारिसेलच्या पहिल्या ओळीत काय असणार हे नंदूभाऊंना ठाऊक होतं, मलाही. तिला वाचा-उपचार, म्हणजे स्पीच थेरपी, शिकायचे होते. शाळा सुटली की ती आईच्या वृद्धाश्रमात जाऊन बसायची, आईची पाळी संपेपर्यंत बैठकीच्या खोलीत अभ्यास करायची. तिथे पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेले एक आजोबा होते, केरीकडचे शेतकरी. त्यांना एकच शब्द राहिला होता, 'ग्रँड', इथे 'मस्त, ठीक आहे' म्हणायला वापरतात तो. भूक लागली तरी ग्रँड, पाय दुखला तरी ग्रँड. सगळे हसायचे. मारिसेलने त्यांच्यासमोर गाई-मेंढ्यांची चित्रं काढून काढून, एकेक अक्षर ओठांवर बोट ठेवून दाखवत, त्यांच्याकडून कुत्र्याचं नाव वदवून घेतलं. एक नाव, चार महिन्यांनी. ते सांगताना ही एरवी मान खाली घालून बसणारी मुलगी टेबलावर पुढे झुकायची आणि तिच्या इंग्रजीत केरीचे हेल उतरायचे. तिला काय पाहिजे, हे तिला विचारायची गरजच नव्हती.

गेल्या वर्षी जानेवारीत नंदूभाऊंची आई आजारी पडली आणि ते तातडीने नागपूरला गेले. तीन शनिवार माझ्यावर आले. अर्जांचे शेवटचे तीन शनिवार. विमानतळावरून त्यांनी फोन केला, "डबा हलवू नको, बाकी तुला कळतं." मला कळतं! मला काय कळत होतं? मी चॉकलेट बिस्किटं नेली. वड्या प्रेसमध्येच ठेवल्या. आणि मारिसेल समोर बसली तेव्हा मी डबा उचलून बाजूला ठेवला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बाई, आकडे झाकून निर्णय घ्यायचा हे मला पटतच नव्हतं. वाचा-उपचाराचा आकडा फारच वर होता. मी तिला समजावलं, अगदी प्रेमाने समजावलं, की बाळा, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. जे नक्की मिळणार ते वर ठेव, बाकीचं खाली असू दे. माझ्या वडलांनी माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म असाच भरून घेतला होता आणि माझं सगळं व्यवस्थित झालं होतं. वर ठेवलेलं पक्कं होतं, खालचं नशिबावर, अशी माझी समजूत. अर्जाची नियमपुस्तिका प्रेसमध्ये होती. मी ती उघडली नाही. मारिसेलने यादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "येस पो, टीटा." पहिल्या ओळीत सोशल केअरचा एक सोपा, जवळचा कोर्स गेला. वाचा-उपचार दुसऱ्या ओळीत.

नंदूभाऊ आईला बरं करून फेब्रुवारीत परतले. क्रम जूनअखेरपर्यंत बदलता येतो. त्यांनी मारिसेलला विचारलं होतं, क्रम तुझ्या मनाचा आहे ना? ती म्हणाली, "येस पो, टीटो." आणि ज्या माणसाने शंभर मुलांना खोटा होकार ओळखायला शिकवलं, त्याने या होकारावर विश्वास ठेवला. हे मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवू शकले नाही. आता ऐकवतेय, काय उपयोग!

ऑगस्टमध्ये निकाल लागला. मारिसेलला वाचा-उपचारासाठी लागत होते त्याहून जास्त गुण होते. आणि तिच्या हातात होती पहिल्या ओळीतली जागा. सोशल केअर. मला अजूनही ती सकाळ नको वाटते. मी ऑफिसच्या खाली, कालव्याच्या कडेला उभी होते, नंदूभाऊ समोरच्या इमारतीतून चालत आले. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तू डबा हलवला." मी काय बोलले? मी म्हटलं, "नंदूभाऊ, ती स्वतः हो म्हणाली होती." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते परत फिरले. त्यानंतर गाडीत ते पुढच्या डब्यात बसू लागले.

त्यांनी मारिसेलला ती जागा घेऊ दिली नाही. एक वर्ष थांब, गुण तुझे तुझ्याकडेच आहेत, पुढच्या जानेवारीत पुन्हा अर्ज कर, क्रम नीट लाव. लोर्नाला ते अवघड गेलं. मिळालेली जागा सोडायची? पण ती त्यांनाही नाही म्हणाली नाही. मारिसेल त्याच वृद्धाश्रमात आईबरोबर कामाला लागली. मी तिला एकदा मेसेज केला, 'आय होप यू आर नॉट टू अपसेट.' असला मेसेज. त्याला माफी म्हणत नाहीत हे मला तेव्हाही कळत होतं. तिचं उत्तर आलं, 'इट्स ओके पो, टीटा.' आणि मी ते खरं मानून मोकळी झाले.

आमची शेवटची भेट मंडळाच्या दिवाळीत झाली. शाळेच्या हॉलमध्ये मुलांचा नाच चालला होता, मागे फराळाची टेबलं. नंदूभाऊ डबा घेऊन फिरत होते, तोच डबा. माझ्यासमोर आले, झाकण उघडलं. म्हटलं, "नको, नंदूभाऊ." ते हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. म्हणाले, "बघ, तुला नाही म्हणता येते. एकदम फर्स्ट क्लास येते. तुला सॉरी म्हणता येत नाही. त्या पोरीचं उलटं आहे. ती दिवसातून शंभरदा सॉरी म्हणते अन् नाही एकदाही म्हणत नाही." मग झाकण लावत म्हणाले, "तुम्ही दोघी कधीतरी एकत्र बसा." मला इतका राग आला की मी तोंड फिरवून चकलीच्या टेबलाकडे गेले. लोकांसमोर असं बोलतात? तेवढंच... ते शेवटचं बोलणं. चकली कशी होती तेही आठवत नाही.

दहनाच्या दिवशी पाऊस नव्हता, नुसता गारठा होता. आपले लोक एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी मोजायच्या पलीकडे मुलं. कुणी नर्सिंगला, कुणी फार्मसीला, एक इंजिनिअर झालेली, काही शाळेच्या गणवेशातलीही. इथली पद्धत अशी की गेलेल्याच्या घरच्यांसमोरून रांगेने जायचं, हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, 'सॉरी फॉर युअर ट्रबल.' प्रत्येक मुलाने वहिनींसमोर ते म्हटलं. या देशात सॉरी म्हणायला काहीच लागत नाही, तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तरी तेच सॉरी म्हणतात. चौदा वर्षं राहून मला तेवढं जमलेलं नाही. मारिसेल रांगेत होती. मी खांबाआड उभी राहिले. बेचाळीस वर्षांची बाई, खांबाआड.

आठवड्याने सुषमावहिनी आमच्या दारात आल्या, हातात डबा. "अनघा, हे तूच ठेव. हॉलची किल्ली आत आहे. शेवटच्या घाण्यातल्या वड्याही आहेत, टाकवल्या नाहीत मला." मी म्हटलं, "वहिनी, मी नाही हो... माझ्यामुळेच तर..." त्या म्हणाल्या, "हो, तुझ्यामुळेच. ते रोज म्हणायचे." एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या, मीही रडले. मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं की मारिसेलचा अर्ज अजून गेलेला नाही. महिनाअखेर मुदत. वृद्धाश्रमाने तिला कायमची नोकरी देऊ केलीय, आणि आईला बरं वाटावं म्हणून ती तिथेही हो म्हणेल असं नंदूभाऊंना वाटत होतं. मी दोन दिवस डबा स्वयंपाकघरात नुसता इकडून तिकडे सरकवत होते. शेवटी माझी लेक वैतागून म्हणाली, "आई, जस्ट रिंग हर. शी वोन्ट बाइट यू."

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी हॉल उघडला. मारिसेल आली ती कामावरूनच, निळा गणवेश, वर जाकीट. "हॅलो पो, टीटा." मी यादी काढली, आकड्यांवर डबा ठेवला, तिच्या पुढ्यात कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिने वर बघून, अगदी आदबीने, मला विचारलं, "पहिल्या ओळीत काय लिहू, टीटा?"

मला किंचाळावंसं वाटलं. वर्ष गेलं, माणूस गेला, आणि ही मुलगी पुन्हा मलाच विचारतेय! का, तर मी मोठी, मी समोर बसलेय, मला वाईट वाटू नये. नंदूभाऊंनी सहा वर्षं दगडासारख्या वड्या वाटून शेवटी हेच कमावलं? आणि मग, फार उशिरा, माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की गेल्या वर्षीचा माझा सल्ला चुकीचा होता हे तिला नंदूभाऊंनी सांगितलं होतं, सगळ्यांनी सांगितलं होतं. मी सांगितलं नव्हतं. जोवर मी बोलत नाही तोवर तिच्यासाठी तो एका टीटाचा शब्द होता, आणि तो मोडणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. मी म्हटलं, "मारिसेल, माझं चुकलं होतं. मला नियम माहीत नव्हता आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. सॉरी." इंग्रजीत म्हटलं. मराठीत आलं असतं का, माहीत नाही.

ती तोंड उघडून "इट्स ओ..." म्हणाली आणि थांबली. मी उगाच डब्याचं झाकण उघडलं आणि डबा तिच्यासमोर धरला. तिने आत बघितलं.

"नो पो, टीटा," ती म्हणाली. आणि मग, खाली बघत, "मला आवडत नाही. कधीच आवडली नव्हती. टीटोंना सांगायचं राहून गेलं."

मी झाकण लावलं. डबा होता त्याच जागी, आकड्यांवर, ठेवला. तिने पेन्सिल घेतली आणि मला काही न विचारता दहा ओळी लिहिल्या, मी खिडकीतून गाड्या बघत राहिले. पहिल्या ओळीत काय लिहिलं ते तिने अर्ज पाठवताना मला दाखवलं. या वर्षी आकडा वर गेला तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि नंदूभाऊ विचारायला नाहीत, याचा मला रोज नव्याने राग येतो. ती गेल्यावर एक वडी मी तोंडात टाकली. ती फुटली नाही. हॉलला कुलूप लावून बसथांब्यापर्यंत चालत आले, बसमध्ये बसले, ॲडम्सटाउनला उतरले, तरी ती गालातच होती.